चौथीच्या वर्गाची रोजकीर्द

यंदाच्या अंकासाठी 'पैसा' हा विषय मुक्रर झाल्याचे संपादकांचे पत्र हाती आले, तेव्हा कोणी लेखक शेअरबाजाराकडे वळला असेल, कोणी सावकारीच्या जुन्या दप्तरांकडे, तर कोणी लग्नांतील उधळपट्टीकडे. माझे लक्ष मात्र दैनिकांच्या जिल्हा पानावर दरसाल हिवाळ्यात उगवणाऱ्या एका चार ओळींच्या बातमीने फार पूर्वीच वेधून घेतले होते. डिसेंबर उजाडून पावटा आणि हरभऱ्याचा घाटा बाजारात दिसू लागला, की ही बातमी येऊ लागते आणि प्रजासत्ताक दिन उलटून जाईपर्यंत थांबत नाही. अमुक तालुक्यातील तमुक जिल्हा परिषद शाळेत बाल आनंद मेळावा उत्साहात संपन्न, चिमुकल्यांनी घेतले व्यवहारज्ञानाचे धडे, इतक्या हजारांची उलाढाल. सोबतच्या छायाचित्रात पुढे सरपंच, केंद्रप्रमुख आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष यांची रांग असते, आणि त्यांच्या कोपरांच्या फटींतून, डोक्याला पंचा गुंडाळून मेथीच्या जुड्यांपुढे बसलेली दोन-तीन मुले डोकावत असतात.

उलाढालीचा आकडा या प्रत्येक बातमीत असतो. परंतु नफा किती झाला, तोटा कोणाच्या पदरी आला, भांडवल कोणाचे होते, आणि बाजार उठल्यावर त्या मुलांनी वर्गात काय केले, हे मी आजवर एकाही बातमीत वाचलेले नाही. प्राथमिक शाळेतील मुलांना उद्यमशीलता शिकवावी, आणि तीही प्रवचनाने न शिकवता हाताने काही करवून शिकवावी, हा विचार आता सर्वमान्य झालेला आहे. तेव्हा तो प्रत्यक्षात कसा चालतो हे पाहावे, एवढाच हेतू धरून मी निघालो.

पटांगणातील पेठ

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या पाण्यावर ऊस पिकवणारा जो पट्टा आहे, त्यातील एका गावच्या शाळेत मी पोहोचलो तेव्हा शनिवारची सकाळ होती आणि पटांगणात फक्कीच्या रेघांनी गाळे आखण्याचे काम चालू होते. शाळा पाचवीपर्यंतची. मुलांची नावे छापायची नाहीत, ही चौथीच्या वर्गशिक्षिका बाईंची पहिली अट असल्यामुळे शाळेचे नावही येथे देत नाही. गाळा कोणालाही फुकट नव्हता. आठवडी बाजारात ग्रामपंचायत ज्या शिरस्त्याने बाजारपट्टी घेते, त्याच शिरस्त्याने येथे गाळ्यामागे ५ रुपये पट्टी होती, तिच्या पावत्या फाडण्याचे काम पाचवीच्या दोन मुलांकडे सोपवले होते, आणि हे दोन वसुलदार इतक्या कडकपणे फिरत होते की बोरे विकायला बसलेल्या पहिलीतल्या एका पोराला, "अजून भवानी व्हायचीय, मग देतो," अशी काकुळत करावी लागली. त्यावर त्या दोघांनी आपसांत मसलत करून त्याला अर्ध्या तासाची मुदत दिली आणि तशी नोंद पावतीपुस्तकाच्या मागल्या पानावर केली.

माल बहुतेक घरच्या रानातला होता: मेथी, शेपू, कांद्याची पात, वांगी, पावटा, आवळे, पेरू, गुऱ्हाळावरून आणलेला गूळ. दुसऱ्या ओळीत खाद्यपदार्थ होते. शाळेच्या आवारात चूल वा गॅस पेटवायचा नाही असा हुकूम असल्यामुळे मटकीची उसळ, इडल्या आणि थर्मासमधला चहा घरूनच तयार होऊन आला होता. भेळ आणि लिंबाचे सरबत मात्र जागेवर तयार होत होते. तराजू एकच, म्हणून बहुतेक भाजी जुडीने किंवा वाट्याने विकायची असे ठरले होते, आणि ही योजना वरवर वाटते त्याहून पुष्कळ शहाणपणाची आहे, कारण वाट्याच्या पद्धतीत भाव स्थिर राहतो आणि मालाचे मान बदलते: सकाळी पावट्याचे १० रुपयांना एक असे जे ढीग लावले, त्यांत दुपारी गिऱ्हाईक रोडावल्यावर मूठभर भर घालायची, म्हणजे भाव पाडल्याची नामुष्की येत नाही आणि गिऱ्हाइकाला फायदाही दिसतो. ही युक्ती मुलांना शिकवावी लागली नाही. दर आठवड्याच्या बाजारात आईच्या पदराला धरून हिंडताना ती त्यांनी केव्हाच टिपलेली होती.

मेथीवाल्यांना मात्र ती उपयोगी पडत नव्हती. साडेदहाच्या उन्हाने पाने माना टाकू लागली, तशी एकाच ओळीत बसलेल्या सात मेथीवाल्यांत भावाची अशी काही घसरण सुरू झाली की १० रुपयांची जुडी ७ वर, ५ वर आणि शेवटी १० ला तीनवर आली. नाशवंत माल, एकाच मालाची गर्दी आणि उतरता भाव यांचे नाते अर्थशास्त्राच्या ग्रंथांत पुष्कळ पानांत समजावलेले असते. येथे ते सात मुलांच्या चेहऱ्यांवर वाचता येत होते. त्यांपैकी एकीने शेवटी पाण्याने भिजवलेले पोते जुड्यांवर टाकले आणि आपला भाव ५ वर टिकवून धरला.

पालकांना फक्कीच्या रेघेच्या आत येण्यास मनाई होती. या नियमामागे गतवर्षीचा अनुभव होता; तेव्हा एकेका गाळ्यामागे वडील किंवा चुलते उभे राहून भाव बोलत होते, सुटे पैसे मोजत होते, आणि मूल पुढे नुसते शोभेला बसले होते. दुसरी मनाई मोबाइलवरून पैसे देण्याची. गिऱ्हाइकाने चौकोनी ठशाच्या कागदापुढे फोन धरला, की पैसा थेट वडिलांच्या खात्यात जातो, मुलाच्या डब्यात काहीच पडत नाही, आणि संध्याकाळी शिलकेचा मेळ बसत नाही. म्हणून या पेठेत रोकडच चालेल, असे आदल्या आठवड्यात गावभर कळवलेले होते. सुटे नाहीत अशी तक्रार करत काही तालेवार मंडळी आली खरी, पण त्यांच्यासाठी फाटकाशी नाणी-नोटांची मोड देणारे एक टेबल मांडून ठेवलेले होते.

सर्वांत कठीण प्रश्न दिलदार पाहुण्यांचा होता. १० रुपयांच्या पेरूंसाठी १०० ची नोट पुढे करून, "राहू दे बाळ, ठेव तुला," असे म्हणत फोटोसाठी थांबणारी माणसे प्रत्येक गावात असतात. बाईंनी रोजकीर्दीच्या वहीत जमेच्या बाजूला विक्रीच्या रकान्याशेजारी 'बक्षीस' असा निराळा रकाना आखून ठेवला होता, आणि ९० रुपये तेथे मांडायचे हे मुलांना पक्के ठाऊक होते. "नाहीतर त्याला वाटेल की पेरू शंभराला जातो," एवढेच त्या म्हणाल्या.

भांडवल कोठून आले

उद्योग शिकवण्याच्या गोष्टी करताना आपण कल्पकता, धाडस, चिकाटी अशा सद्गुणांची यादी देतो, आणि त्या यादीत भांडवल क्वचितच येते. ज्याच्या घरी रान आहे तो मेथी उपटून आणतो, ज्याच्या घरी किराणा दुकान आहे तो भेळेचे सामान आणतो. परंतु ज्याच्या घरी यांपैकी काहीच नाही त्याने काय आणावे? या वर्गात अशी पाच-सहा मुले होती. त्यांच्यासाठी वर्गाची एक पेटी होती, तिच्यात रद्दी विकून आणि मागल्या बाजारातील पट्टीतून साठलेली काही रक्कम होती, आणि मागेल त्याला ५० रुपयांपर्यंत कर्ज मिळत होते. व्याज नाही, परंतु हातचिठ्ठी लिहून द्यायची, तीवर कर्ज कशासाठी हवे, माल कोठून घेणार आणि परतफेड केव्हा करणार हे स्वतःच्या अक्षरात मांडायचे, आणि दोन वर्गमित्रांच्या सह्या घ्यायच्या. आपल्याकडे सरकारी तगाईचे अर्ज याहून फारसे निराळे नसत.

मेथीच्या पडझडीत सापडलेल्यांपैकी एक मुलगी अशीच कर्जदार होती. तिच्याकडे संध्याकाळी ५० पैकी ३२ रुपयेच उरले. बाकी १८ रुपयांचे काय करायचे यावर वर्गात जो वाद झाला तो मी मागच्या बाकावर बसून ऐकला, आणि सहकारी पतसंस्थांच्या सर्वसाधारण सभांत याहून बराच हलका वाद माझ्या कानी आलेला आहे. माफ करावे असे काहींचे म्हणणे पडले. माफ केले तर पुढच्या वेळी कोणीच फेडणार नाही, असे एका किरट्या पोराने ठणकावले. तिने ऊन लागेल असा गाळा निवडला नव्हता, तो चिठ्ठी टाकून तिच्या वाट्याला आला होता, असा मुद्दा एका मुलीने काढला. अखेर पुढील बाजारापर्यंत मुदतवाढ मिळाली आणि पुढच्या वेळी नाशवंत मालाचे गाळे झाडाच्या सावलीत ठेवावेत, असा ठराव झाला.

भांडवल नसूनही कर्ज न घेणारा एक मुलगा होता. साखर कारखान्याच्या हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडणीसाठी जी कुटुंबे या भागात येऊन कोप्या घालून राहतात, त्यांतला तो. हंगामापुरताच या शाळेत दाखल झालेला. त्याने उसाच्या वाढ्याचे भारे आणले होते. ऊस तोडल्यावर शेंड्याकडचा हिरवा पाला राहतो तेच वाढे, जनावरांची उत्तम वैरण, आणि ते विकून तोडणी मजूर मीठमिरचीपुरते पैसे मिळवतात हे त्या पट्ट्यात सर्वांना माहीत आहे; तरी वैरण घेऊन शाळेच्या बाजारात बसण्याची कल्पना गावच्या एकाही मुलाला सुचली नव्हती. आलेल्या पालकांत दुभती जनावरे असणारे निम्म्याहून अधिक. पट्टी वसूल करणारे दोघे त्याच्याकडे दुसऱ्यांदा आले तोवर त्याचा गाळा रिकामा झाला होता आणि तो दुसऱ्याच्या गाळ्यावर गिऱ्हाइके हाकारत उभा होता.

एक जुना वाद

शाळेत श्रम आणावा, श्रमातून वस्तू निर्माण व्हावी आणि वस्तूतून पैसा यावा, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी आपली मूलोद्योगी शिक्षणाची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा आराखडा तयार केला, त्यात मातृभाषेतून सात वर्षांचे शिक्षण आणि त्याच्या मध्यभागी एक हस्तोद्योग अशी योजना होती. मुलांच्या हातच्या कामातून शिक्षकाच्या वेतनाचा भार निघावा ही गांधीजींची अपेक्षा होती, आणि हरकत नेमकी याच कलमावर निघाली. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह हे त्या हरकतदारांतील प्रमुख. शाळेचा खर्च मुलाच्या टकळीवर अवलंबून ठेवला, तर शिक्षकाचे लक्ष मुलाच्या बुद्धीवरून उडून सुताच्या लडीवर जाईल, ही भीती त्या वेळी बोलून दाखवली गेली, आणि तिचे उत्तर कल्पनेच्या पुरस्कर्त्यांनाही पुरतेपणी देता आले नाही असे मला वाटते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तोच प्रश्न निराळ्या बाजूने सोडवला. १९१९ साली काले येथे स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने स्वावलंबी शिक्षण हे आपले ब्रीद ठरवले, परंतु तेथील 'कमवा आणि शिका' या योजनेतील कमाई विद्यार्थ्याच्या स्वतःच्या जेवणखाणाची आणि शिक्षणाची होती. ज्याच्या घरून मनीऑर्डर येण्याची शक्यता नाही अशा मुलाला मिंधेपणाशिवाय शिकता यावे, एवढाच तिचा अर्थ होता. मोठ्या मुलांच्या बाबतीत हा मार्ग निर्विवाद थोर ठरला. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तो जसाच्या तसा लावता येत नाही, आणि लावूही नये.

याच शिरूर तालुक्यात, पाबळच्या माळावर, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लीव्हरमधील संशोधकाची नोकरी सोडून आलेला हा माणूस, खेड्यातील मुलाने आठवड्यातील एक दिवस वेल्डिंग, सुतारकाम, शेती, पशुपालन, वीजजोडणी, रक्तगट तपासणी अशी खरीखुरी कामे करावीत आणि तीही गावाला उपयोगी पडणारी असावीत, असा आग्रह धरत असे. आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी आखलेला त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पुढे राज्यातील अनेक माध्यमिक शाळांत गेला. त्यातील जो विचार मला प्राथमिक शाळेच्या दृष्टीने मोलाचा वाटतो तो हा की मुलाने केलेले काम कोणाच्या तरी खऱ्या गरजेचे असावे. प्रदर्शनात मांडून धूळ खाणाऱ्या थर्माकोलच्या घरांनी आपल्या कार्यानुभवाच्या तासाची जी अवहेलना केली, तिच्यावर याहून दुसरे औषध नाही.

मुंबईत जेरू बिलिमोरिया यांनी १९९१ साली उभ्या केलेल्या मेलजोल या संस्थेने बचतीच्या अंगाने हेच काम केले, मुलांनीच चालवलेल्या बचत बँका शाळांतून काढल्या, आणि त्यातूनच पुढे २००५ मध्ये अॅमस्टरडॅम येथे अफलातून ही आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालवण्याची तजवीज सांगितली आहे. कागदावर ही तजवीज उत्तम आहे.

रेसिफेचे नारळ

त्या शनिवारी माझे लक्ष सर्वाधिक खेचले ते चौथीतल्या एका मुलीने, जिची आई दर आठवड्याला शेजारच्या गावी भाजीचे दुकान लावते. ४३ रुपयांची भाजी आणि पुढे १०० ची नोट, अशा प्रसंगी ती वजाबाकी करत नव्हती. "त्रेचाळीस," म्हणून भाजी हातात देई, मग तळहातावर नाणी टाकत "पंचेचाळीस, पन्नास," आणि नोट ठेवत "शंभर," असे चढत जाई. क्षणभर न थांबता, न चुकता. हीच मुलगी वर्गात हातच्याच्या वजाबाकीत कच्ची असल्याचे बाईंनी मला नंतर प्रगतीपत्रक काढून दाखवले.

ब्राझीलमधील रेसिफे शहरात टेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन या संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा जो अभ्यास केला आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात नेमके हेच आढळले होते. गिऱ्हाईक बनून विचारलेल्या प्रश्नांना मुलांनी ९८ टक्के अचूक उत्तरे दिली, आणि तीच आकडेमोड कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिली तेव्हा अचूकता ३७ टक्क्यांवर आली. ३५ ला एक, तर दहा नारळांचे किती, या प्रश्नावर बारा वर्षांच्या एका मुलाने शून्य जोडण्याची युक्ती वापरली नाही; तीन नारळांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, असे टप्पे घेत तो ३५० वर पोहोचला. शाळेने शिकवलेली रीत त्याच्या डोक्यात कोठेतरी निराळ्या कप्प्यात पडून होती. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत केलेले आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले काम याच्या पुढे जाते: बाजारात काम करणारी मुले पाठ्यपुस्तकी गणितांत अडखळली, तर शाळेत बरे गणित करणारी मुले बाजारी व्यवहारांत अडखळली. दोन्हीकडची वाट बंदच.

म्हणून शाळेत बाजार भरवला की गणित आपोआप सुधारेल, ही समजूत निराधार आहे. बाजारात जन्मलेली मुलगी बाजारात हुशार ठरेल, फळ्यावर हुशार असलेला मुलगा फळ्यावरच हुशार राहील, आणि बातमीत उलाढाल छापून येईल. या दोन कप्प्यांमधील भिंत पाडायची तर कोणीतरी मुद्दाम बसून त्या चढत्या मोजणीला आणि हातच्याच्या वजाबाकीला एका कागदावर आणले पाहिजे. बाईंचा खरा तास सोमवारी होता.

सोमवारचा तास

शनिवारी संध्याकाळीच प्रत्येकाने आपली रोजकीर्द लिहून दिली होती: तपशील, जमा, खर्च, शिल्लक. सोमवारी तिची खतावणी व्हायची. बाईंनी फळ्यावर उदाहरणाला सरबतवाल्या मुलाची वही घेतली. त्याने ४२ ग्लास ५ रुपयांप्रमाणे विकले, जमा २१०. खर्चात त्याने कागदी ग्लास ५०, ते ५० रुपयांचे, आणि बर्फ २० रुपयांचा मांडला होता. नफा १४० असे त्याने ठळक अक्षरात लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

"लिंबं?" बाईंनी विचारले. लिंबे घरच्या झाडाची. मग ती बाजारात विकली असती तर किती आले असते? वीस लिंबे, २ रुपयांना एक, म्हणजे ४०. "साखर?" साखर डब्यातली. एक किलो, ४४. खर्च ७० वरून १५४ वर गेला आणि नफा ५६ वर उतरला. मुलाचा चेहरा पडला. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले की आठ ग्लास उरलेत, ते काय टाकून दिले? बाईंनी शिल्लक माल म्हणून ८ रुपये मांडले, नफा ६४. एखादी वस्तू घरात पडून आहे म्हणून ती फुकट नसते आणि खरेदी केलेली वस्तू उरली म्हणून ती खर्ची पडलेली नसते, ही लेखाशास्त्रातील दोन तत्त्वे चौथीच्या वर्गाने पाऊण तासात, भांडत, गाठली होती.

मग बाईंनी विचारले, लिंबे कोणी पिळली? साखर कोणी विरघळवली? आईने. किती वेळ? तासभर. वर्गात शांतता पसरली, आणि एक मुलगा म्हणाला, "आई कुठं पैसं मागती?" यावर ज्या मुलीच्या मेथीला मुदतवाढ मिळाली होती ती ताडकन् म्हणाली, "मग दुसऱ्याच्या रानात खुरपाया जाती तवा घेती की!"

पुढील वीस मिनिटे फळा कोणाच्याच ताब्यात नव्हता. आईचे काम धरायचे तर सगळ्यांचाच तोटा निघेल, असे एक म्हणाला. मग तो तोटाच आहे, असे दुसरी म्हणाली. घरच्यासाठी केलेल्या कामाचे पैसे धरत नाहीत, असे तिसऱ्याने सांगितले, आणि घरच्यासाठी कुठे केले, विकण्यासाठी केले, असे त्याला उत्तर मिळाले. गावात खुरपणीची मजुरी काय पडते हे सर्वांना पाठ होते, त्यावरून तासाला ४० असा दर निघाला, आणि ६४ मधून ४० वजा जाऊन नफा २४ रुपये उरला. बाईंनी कोणताच निकाल दिला नाही. दोन्ही आकडे फळ्यावर ठेवले, ६४ आणि २४, आणि प्रत्येकाने आपापल्या वहीत दोन्ही रकाने काढावेत असे फर्मावले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीत स्त्रियांच्या घरकामाचे काय करावे, हा मोठमोठ्या अर्थशास्त्रज्ञांनाही पुरून उरलेला प्रश्न एका सरबताच्या पातेल्यातून वर आला होता, आणि तो मिटवून टाकण्याची घाई या बाईंनी केली नाही, याबद्दल मला त्यांचा अतिशय आदर वाटतो.

सरतेशेवटी त्यांनी सुट्ट्या पैशांचा प्रश्न काढला. भाजीवाल्या मुलीला फळ्यापुढे उभे करून तिची चढती मोजणी तिच्याच शब्दांत लिहवून घेतली: ४३ वर २ म्हणजे ४५, वर ५ म्हणजे ५०, वर ५० म्हणजे १००, मग २, ५ आणि ५० यांची बेरीज ५७, आणि शेजारी १०० वजा ४३ हातचा घेऊन मांडले. दोन्हीकडे ५७ आले तेव्हा ती मुलगी फळ्याकडे बराच वेळ संशयाने पाहत राहिली. सहावीच्या गणिताच्या पुस्तकात नफा-तोट्याचे प्रकरण येते. या वर्गाला ते दोन वर्षांनी भेटेल तेव्हा त्यातील खरेदीची किंमत म्हणजे काय, यावर पुस्तकापेक्षा अधिक प्रश्न या मुलांपाशी असतील.

शहरातील एक मेळा

तुलनेसाठी पुण्यातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेतील असाच कार्यक्रम पाहिला. त्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण सांगण्याजोगे फार नाही. तंबू होते, ध्वनिक्षेपक होता, प्रत्येक गाळ्याला नाव आणि मुद्राचिन्ह होते, आणि बहुतेक केक, मेणबत्त्या व गळ्यातल्या माळा घाऊक दुकानांतून आलेल्या होत्या. मुलांनी अस्खलित बोलून आपापल्या व्यवसायाची कल्पना परीक्षकांपुढे मांडली, त्याला बक्षिसे मिळाली. भांडवल किती आणि कोणाचे, असे मी एका चुणचुणीत मुलाला विचारले, तेव्हा त्याने आईकडे पाहिले आणि आईने माझ्याकडे.

अशा कार्यक्रमांनी उद्योजक तयार होतात का, हा प्रश्न नेदरलंड्समध्ये शास्त्रशुद्ध रीतीने तपासला गेलेला आहे. तेथे अकरा-बारा वर्षांची मुले पाच दिवसांच्या एका उपक्रमात छोटी कंपनी काढतात, मैत्रीची धाग्यांची कंकणे बनवून विकतात आणि शेवटी हिशेब मांडतात. रोझेनडाल ह्यूबर, स्लूफ आणि व्हान प्राग यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मुलांची चिकाटी, जोखीम पत्करण्याची तयारी, कल्पकता असे गुण वाढलेले आढळले. उद्योगाविषयीच्या ज्ञानात म्हणण्याजोगी भर पडली नाही. आणि मोठेपणी स्वतःचा उद्योग काढण्याची इच्छा तर उलट घटली. या शेवटच्या निष्कर्षाने काही मंडळी खट्टू झाली असतील. मला तो आशादायक वाटतो. ज्याने एकदा मेथी सुकताना पाहिली त्याने दुकान काढण्याआधी दोनदा विचार करावा, यात बिघडले काय? नवव्या वर्षी कोणाला कारखानदार करायचे नाही. व्यवहारात आपला पैसा कोठून येतो, कोठे जातो आणि त्यात कोणाचे श्रम मुरलेले असतात, हे त्याला स्वतःच्या अक्षरात मांडता यावे, इतकेच प्राथमिक शाळेचे काम आहे, आणि ते तंबूवाचून होते.

शिरूरच्या त्या शाळेला या सगळ्यासाठी लागलेला खर्च मी विचारला. फक्की, पावतीपुस्तक आणि वह्या. बाकी काही नाही. गाळ्यांची पट्टी पेटीत जमा झाली आणि पुढील बाजाराच्या कर्जांसाठी राखून ठेवली. यंदा तिसरीच्या मुलींनी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या चिकटवून त्या गिऱ्हाइकांऐवजी थेट भाजीवाल्या मुलांना विकण्याचे ठरवले आहे, कारण मागल्या खेपेस लोक मेथी पदरात आणि टोपीत घालून नेत होते. पिशवीचा भाव किती ठेवावा याची बोलणी चौथीशी चालू आहेत, आणि उधारी द्यावी की नाही यावर अजून एकमत झालेले नाही.

वाचकांना एकच विनंती. हा अंक आपल्या हाती पडेल त्यानंतर दोन-तीन महिन्यांत आपल्याही गावच्या किंवा वॉर्डातील शाळेत असा बाजार भरेल. जरूर जा, सुटे पैसे घेऊन जा, माल पारखून घ्या, रास्त घासाघीस करा, आणि उरलेले पैसे मागून घ्या. बक्षीस म्हणून जादा पैसे देऊ नका. आणि सोमवारी त्या शाळेत हिशेबाचा तास होणार आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय परत येऊ नका.